अठ्ठावीस दिवसांचा महिना

उद्यमनगरात लेथवर उभं राहून
तीस वर्षं मी लोखंड सोललं.
सुताएवढा फरक माझ्या बोटाला कळतो.
पण नंदूनं रात्री फोनसमोर तीन कागद धरले,
आठ युरो, दहा युरो, बारा युरो,
आणि विचारलं, "पप्पा, कुठलं कार्ड घेऊ?"
तेव्हा माप कुठून धरायचं ते कळेना.

"पाच जीबी म्हणजे किती गं?"
"शाहू स्टेडियमवरच्या दोन मॅचा. पुऱ्या.
भांडणासकट."
"आणि आईशी बोललीस तर?"
"व्हिडिओ बंद ठेवला तर लई दिवस."
स्वयंपाकघरातनं आवाज आला,
"व्हिडिओ बंद ठेवायचा न्हाई."

तिचा जुना नंबर आम्ही मोडला नाही.
दहावी झाल्यावर इर्शाद मुजावरनं
खोक्यात हात घालून शोधून दिलेला,
शेवटी चव्वेचाळीस सतरा,
माझ्या पहिल्या लुनाचा नंबर.
पन्नास रुपये जादा घेतले होते त्यानं.
आता ते कार्ड बटणाच्या फोनात,
फोन पिठाच्या डब्यावर,
कारण कर्जाचा ओटीपी त्याच्यावरच येतो.
आला की तिची आई सहा आकडे
भाजीचा भाव सांगावा तशी ओरडून सांगते
आणि पलीकडं चेम्निट्झमध्ये
पोरीची फी भरली जाते.

कॅलेंडरवर गॅसच्या शेजारी
मी त्या नंबरची तारीख लिहितो.
"काका, झाले का अठ्ठावीस?" इर्शाद विचारतो.
"अठ्ठावीसचा महिना काढला कुणी रे?
आमचा पगार तर तिसाला."
"वर्षात तेरा महिने, काका.
तेरावा कंपनीचा."
नंदूला सांगितलं, तर तिनं कागद उलटला.
तिकडंही चार आठवडेच.
चार साती अठ्ठावीस.
पाढा तेवढा सगळीकडं सारखा.

तिनं आठवालं घेतलं.
"मला लागतंय काय? वायफाय हाय की."
आई म्हणत राहिली, बारावालं घे, बारावालं घे.
मी गप्प.
महाद्वार रोडला चपलांच्या दुकानात
ती अशीच उभी राहायची,
किंमतींच्या पट्ट्या खालून वर वाचत,
आणि पहिल्या पट्टीलाच म्हणायची, हेच आवडलं.
हे वाचन तिला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मग पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून
कार्ड चालू करायचं होतं.
तिथला माणूस राजनंदिनी म्हणताना दोनदा अडखळला,
तिसऱ्यांदा त्यानं नाव सोडून दिलं
आणि नुसतं लोहार म्हणाला.
ते त्याला जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेथ चालू असताना
अधिक एकोणपन्नासवरनं फोन.
इर्शादनं बजावलं होतं,
परदेशी नंबर उचलायचा न्हाई, खातं साफ होतं.
मी कापला.
परत आला. कापला.
तिसऱ्यांदा कापला आणि वर शिवीही दिली.
चौथ्यांदा, तेलाच्या हातानं, उचलला.

"पप्पा, मी बोलतोय."

पुण्यात हॉस्टेलच्या पोरी हसल्या होत्या तिला,
मुलगी असून आलो, गेलो म्हणती म्हणून.
तेव्हापासनं ती जपून बोलायची, आले, गेले,
अगदी घरीसुद्धा,
जेवायला बसल्यावरसुद्धा.
आज बोलतोय म्हणाली.
मी लेथ बंद केला.
"पोचतोय का आवाज?"
"पोचतोय. मिनिटाला किती पडतंय?"
"ते नका विचारू."
"मग ठेव."
ती ठेवीना. मीही ठेवला नाही.
दोघंही काही बोललो नाही त्या मिनिटाला.

संध्याकाळी नंबर साठवायला घेतला.
नंदू नावाचं माणूस फोनात आधीच होतं.
नंदू दोन लिहिलं, ते बरं दिसेना.
मग नंदू तिकडची.
जुन्याला नुसतं नंदू राहू दिलं.

तरी अंगठा कधीकधी चुकतो.
रविवारी जेवण झाल्यावर फोन लावावा
आणि आमच्याच स्वयंपाकघरात वाजावा,
पिठाच्या डब्यावर, डबा थरथरवत.
तिची आई भांडी घासता घासता
न वळताच सांगते,
"ती घरात न्हाई."