मागचं पुढे

धुळ्याच्या कोर्टात, जिन्याखालच्या टेबलावर
मी इंग्रजीचं मराठी करतो.
पानाला ठरलेले पैसे, शिक्का वेगळा.
पंखा आहे, पण त्याचा वारा फायलींनाच लागतो.

केवळबाई धुडकू सैंदाणे, वय अदमासे सत्तर,
हिच्या निकालात सातव्या ओळीला एक शब्द आला:
प्रीपॉस्टरस.
दाढेखाली फुटाण्यासारखा फुटतो.
साहेबांनी चष्मा काढून लिहिला असावा.

बाईचं म्हणणं एवढंच होतं,
घर पहिले व्हतं, नदी मांगून उनी.
मी नदीकडे गऊ नही, नदीच मनाकडे उनी.
सरकारी नकाशात मात्र पांझरा आधीपासून वाहते
आणि हिची चूल म्हणजे पात्रातलं अतिक्रमण.

कोश उघडला. बी पासून सी पर्यंत
वाळवीनं चाखलेला.
हास्यास्पद. अशक्य. मूर्खपणाचं.
वकील मंडळी हा शब्द काढतात
समोरच्याला खोटारडा न म्हणता खोटारडा म्हणायला;
एकानं तर तो स्वतःच्याच अशिलाला लावला होता,
टपरीवर, फी हातात पडल्यावर.

पण खाली बारीक अक्षरात शब्दाचं मूळ होतं:
लॅटिनातलं एक 'आधी' आणि एक 'नंतर',
दोन्ही एकाच दाव्याला बांधलेले.
मागचं पुढे, पुढचं मागे.
म्हणजे आपलं वरातीमागून घोडं.

मी तिला तसंच सांगितलं. सांगायला नको होतं.
अनुवादकानं अर्थ द्यावा,
माणसाला शब्दाच्या आजोळी नेऊ नये.

ती हसली. पुढचे दोन दात नसलेलं,
सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं.
मंग साहेबनी बराबर लिखं की, म्हणाली,
नदी मांगूनच उनी ना!
शेजारच्या स्टॅम्पवाल्या लोटननंही मान डोलावली.

मी कागदावर 'हास्यास्पद' टंकलं.
चार अक्षरं. त्यात ना आधी, ना नंतर.

आठवी ओळ अजून वाचून दाखवायची होती.
अर्ज फेटाळण्यात येत आहे.
तिला कोश लागत नाही.

केवळबाईनं पिशवीतून फडकं काढलं,
कळण्याची भाकरी मोडली, वर ठेचा ठेवला,
अर्धी माझ्यापुढे सरकवली.

आधी मी ती खाल्ली.
मग ओळ वाचली.