नऊच्या आधीची शिवी

कार्डिफच्या गोदीमागे, बिस्किटांच्या जुन्या गोदामात
एक परग्रह उभा केलाय, प्लायवुडचा.
तिथले खाणकामगार भांडतात, मरतात, एकमेकांची माणसं पळवतात,
पण मालिका लागते रात्री नऊच्या आधी.
म्हणून त्यांना अशा शिव्या हव्यात
ज्या शिव्या नाहीत.

लोवरीचा निरोप आला: तू भाषांचं काहीतरी करतेस ना?
सात शब्द दे. शुक्रवारपर्यंत.
सोबत तक्ता: सौम्य, मध्यम, तीव्र,
खानावळीतल्या रश्श्यासारखा.
शब्दामागे चाळीस पौंड.
माझ्या शुद्ध बोलण्याला एवढा भाव कधीच आला नव्हता.

आधी मी ओठांचा हिशोब मांडला.
शिवी उघडी सोडून चालत नाही,
तिनं जाताना दार आपटायला हवं.
ट हवा, क हवा, घशातला ख असेल तर उत्तम.
मऊ अक्षरांच्या अंगाया होतात
(एक 'मेल्या' सोडून.
म आणि ल, दोन्ही लोण्यातली,
तरी विट्याची आत्या नळावरच्या रांगेत
तो शब्द दगडासारखा भिरकवायची
आणि त्याच तोंडानं मला म्हणायची,
मेले, जेवलीस का?)

मग पाया शोधू लागले.
या ग्रहावर देव नाही, म्हणजे कुणाची आण नाही.
जातपात लेखकांना सुचलेली नाही.
मुलं काचेच्या नळ्यांत वाढतात, म्हणजे आई नाही.
आई नाही म्हटल्यावर
आपला तर निम्मा कारखानाच बंद.
उरली हवा.
बाहेर ती नाहीच, आत मापानं मिळते, कार्डावर.
तेव्हा दुसऱ्याच्या वाट्याची हवा खाणारा
तो ट्रोख.
लिहिलं. समोर लिहिलं: तीव्र.

पहिल्या टेकला ऑसियन असा म्हणाला
जणू काउंटरवर पावती मागतोय.
मी सांगितलं, परवा गाडीला लागलेला दंड आठव.
दुसऱ्यांदा जरा बरा. पाचव्यांदा मात्र
त्याच्या मानेची शीर उठली,
आणि मेकअपवाली मुलगी, जिला अर्थ ठाऊक नव्हता,
दचकून मागे सरली.
मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

तेवढ्यात दिवा पडला. हिवेलच्या पायावर.
हिवेल, रविवारी चॅपेलात पेटी वाजवणारा,
जे बोलला ते वेल्श होतं,
एकाच दमात, पाऊण मिनिट,
त्यात ट्रोख कुठेच नव्हता.
सगळा परग्रह खाली मान घालून उभा.
माझा ताजा शब्द बाजूला,
नव्या बुटांसारखा, न मळलेला.

रात्री घराच्या पायऱ्या ओल्या होत्या.
घसरले. गुडघा.
तोंडातून आलं: आई गं.
मग पायरीकडे बघून, दात खाऊन: आयला.
मध्ये एक सेकंद गेला असेल.
तीच बाई. फक्त विभक्ती बदलली.
शाळेत चतुर्थी घोकून घेणाऱ्या बाईंनी
हा उपयोग सांगितला नव्हता.

गुडघ्यावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी धरून
लोवरीला लिहिलं:
चिडल्यावर काय म्हणायचं ते दिलंय मी तुला.
पण लागल्यावर?
तुझ्या माणसांना लागलं तर ती कुणाला हाक मारतात?
त्याला माझ्याकडे शब्द नाही. नळीला कोण हाक मारणार?

उत्तर सकाळी आलं. एका ओळीचं.
तिथे नुसता श्वास ठेवू, म्हणाली, मोठा,
पूर्ण छाती भरून,
त्या ग्रहावर तेवढी चैन कुणाला परवडते?

मी सातच शब्दांचं बिल लावलं.