हातचे तास

सरकारचा नियम असा की
तास रोजच्या रोज लिहायचे, शाईने.
चूक झाली तर पांढरं फासायचं नाही.
एकच रेघ मारायची, शेजारी आद्याक्षरं,
म्हणजे चूकसुद्धा उद्या कुणाला वाचता यावी.

आम्ही तिघं. माझा दीर वायनो,
डेल्फीन लूनफूट, खाडीपलीकडच्या वस्तीतली,
आणि आठवड्यातल्या तीन दुपारी मी, हिशेबाला.
जागा लान्स गावातल्या जुन्या बेकरीची.
हवा दमट झाली की भिंती अजून
वेलदोड्याचा वास सोडतात.

बनवायची होती एक पेटी, बिस्किटांच्या डब्याएवढी.
गोठलेल्या तळ्यावर ठेवायची, बर्फ ऐकायची
आणि सांगायची, किती इंच.
गेल्या मार्चमध्ये आर्नेची गाडी
आर्नेसकट खाली गेली, म्हणून.

अर्ज पंचवीस पानी. त्यात एक रकाना: तुम्हीच का?
वायनो, ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस,
दोन रात्री बसला आणि लिहिलं,
'कारण आम्ही इथे राहतो.'
डेल्फीनने ते वाक्य काढून तीन पानं आलेख घातले.
पैसे आले. पहिला टप्पा, सहा महिने.

चौदा जानेवारी.
वायनो सकाळपासून खाडीवर. पेटी बंद.
टोपी काढून पालथा पडलेला, कान बर्फाला,
त्याचा बाप पडायचा तसा.
संध्याकाळी विचारलं, किती तास लिहू?
म्हणाला, काही नको, नुसता पडलो होतो.
डेल्फीन म्हणाली, चार. संशोधन.
मी चार लिहिले. रेघ मारली. शून्य लिहिलं.
त्यावरही रेघ.

अप्रत्यक्ष खर्चात सगळं बसतं:
हीटरचं तेल, विमा, दारातला बर्फ उपसणारा पोरगा,
माझ्या तीन दुपारी.
डेल्फीनला घरी जाताना गाडीत जे सुचतं
ते कुठल्या रकान्यात, हे मी फोन करून विचारलं.
पलीकडची बाई भली होती. म्हणाली,
गाडी कंपनीची आहे का?

फेब्रुवारीत पाऊस पडला, तोही अवेळी.
बर्फावर पाणी, पाण्यावर पुन्हा बर्फ,
मध्ये चिखलासारखा थर.
पेटी म्हणाली अकरा इंच.
गिरमिट म्हणालं पाच.
वायनोने गिरमिट पुन्हा फिरवलं, दहा पावलांवर.
पाच.
परत येताना कुणी बोललं नाही.
त्या सहा इंचांत एक माणूस मावतो.

अहवालात त्याने लिहिलं,
'थर असलेल्या बर्फावर हे यंत्र खोटं बोलतं.'
डेल्फीन म्हणाली, जरा मऊ कर,
दुसरा टप्पा यावरच ठरणार आहे.
तो म्हणाला, कर मग तू.
तिने कीबोर्ड पुढे ओढला.
बराच वेळ बसली.
मग फक्त एक स्वल्पविराम घातला.

उत्तर दोन ओळींचं. अहवाल स्वीकारला.
शेवटचा हप्ता पाठवला आहे.
दुसऱ्या टप्प्याबद्दल अक्षर नाही.
तेव्हापासून डेल्फीन शाळेची बस चालवते,
वायनो लोकांची बोटींची इंजिनं खोलतो,
आणि पेटी फळीवर, झाकण उघडं,
कारण ते अजून कुणी लावलेलं नाही.

मे महिन्यात तपासनीस आला, शिकागोहून,
पातळ तळव्यांचे बूट, वय पोरसवदा.
एकेक कागद बोट फिरवत वाचला.
चौदा जानेवारीला बोट थांबलं.
दोन रेघा, दोनदा माझीच आद्याक्षरं.
हे काय?

शाळेत शिकवलेलं आठवलं:
हातचा लिहायचा नसतो,
लक्षात ठेवून पुढच्या घरात मिळवायचा.
म्हटलं, हातचे आहेत ते.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं.
खाडी मोकळी, नुसतं पाणी.
मग पेन काढून समासात काहीतरी लिहिलं.
मला उलट्या बाजूने वाचता आलं नाही.
शाई होती, एवढं दिसलं.