पाग उघडतो तसा

जामसंड्याच्या चढावर, बर्फाच्या फॅक्टरीमागे
इनास मेस्त्रीने जुना पेपर पसरून
तीन इंजेक्टर मांडले.
लिलावात सुरमई मांडावी तसे, शेपटी एका दिशेला,
फक्त भाव न पुकारता.

माझ्या पिकअपचं बॉनेट उघडं. आत इंजिन नाही.
त्या पोकळीत चार दिवसांत
एका कोळ्याने जाळंही टाकलेलं.
मागे हौदा दीड फूट वाढवलाय,
पाटे दोन जादा, पेटाऱ्याला थर्माकोल,
टर्बो कोल्हापूरहून जुन्यात आणलेला.
आता इंजिन कुठलं बसवायचं, एवढंच राहिलं होतं,
आणि इनासचं म्हणणं, इंजिन नंतर बघ,
आधी त्याच्या तोंडात घास कोण घालतलो ता बघ.

"ह्यो पयलो. वायर नाय, काय नाय. स्प्रिंग आणि सुई."
दोनशे बारला उघडतो, ही त्याची सगळी हुशारी.
"करूळ घाटात मधल्या रातीक गाडी बंद पडली तर
पान्यान खोल, फुंकर मार, परत लाव.
बोंबलतलो मात्र. ट्रॉलरासारखो."

दुसरा वायरीचा. पोटात तांब्याची गुंडाळी,
वीज आली की सुई उचलते, सोळाशे बारची धार.
मोठ्या घोटाआधी एक बारीक घोट पाजतो,
म्हणून इंजिन दचकत नाही.
पाठीवर कोरलेला लांबलचक नंबर.
"ह्यो कंप्युटराक सांगूक लागता,
नायतर तो ह्येका वळखणा नाय."

तिसरा पिएझो.
आत स्फटिकाच्या चकत्यांची चवड,
वीज लागली की केसाच्या जाडीइतकीही नाही, पण फुगते,
आणि तेवढ्यात एका घोटाचे पाच घोट.
हा इनासने बोटांनी धरला नाही. फडक्यात धरला.
"ह्येका रिपेर नसता. गेलो की गेलो."

मग पहिला टेस्टरला लावून दांडा दाबला.
काचेच्या बरणीत तीन भोकांतून धुकं,
एकातून सरळ धार,
पाचवं मुकं.
"पाग फसलो," मी म्हणालो.

बापूस तारामुंबरीच्या खाडीत पाग मारायचा.
खांद्यावरून सुटलेला पाग
पाण्याला टेकायच्या आत गोल व्हायला हवा,
कडेची शिशं सगळी एका दमात.
नाहीतर तो पाग नव्हे, धोंडा.
ज्या दिवशी धोंडा पडे त्या दिवशी तो घरी
कोणाशी बोलत नसे.
डिझेलही न उघडता पडलं
तर पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी जाळत बसतं.

"भोकां मोठी करून घेव? ताकद वाढात."
"वारो खयसून हाडतलंस? तेल वाढवलंस नि वारो नाय,
म्हणजे गगनबावड्यापर्यंत काळो धूर
आणि मागच्या एसटीवाल्याच्यो शिव्यो."

मी तिसऱ्याकडे हात नेला.
इनासने न बघताच विचारलं,
"डिझेल खयचा भरतंस?"

फॅक्टरीचा कंप्रेसर तेवढ्यात थांबला.
काय सांगू? भावजीच्या ट्रॉलरचा ड्रम,
तळाशी चार बोटं पाणी,
चाखलं तर खारट लागेल असं.
लिटरमागे वाचतात त्या पैशांत
पोराची फी निघते.

त्याने माझ्याच जुन्या नोझलची सुई काढून
तळहातावर ठेवली.
टोकाजवळ तांबूस रेघ,
ओहोटीनंतर धक्क्यावर उरते तशी.
"माका तू सांगू नको. हिना सांगितल्यान."

पहिला हे पाणी पचवेल, ढेकर देईल, धावेल.
दुसरा वर्षभर सोसेल.
तिसरा एका खेपेत मरेल, ऐंशी खोके बर्फात असताना.
म्हणजे मला ताकद किती हवी, असं कोणी विचारतच नव्हतं.

"दुसरो," मी म्हणालो. "आणि पाणी गाळूचो फिल्टर. मोठो."
"आणि ड्रम?"

पेपरावरचा माझा फोन थरथरायला लागला.
भावजी. बोट लागली असणार, कॅन घेऊन ये म्हणणार.
मी उचलला नाही. कापलाही नाही.
तो वाजत राहिला तोवर
तिन्ही इंजेक्टर
सुरमईच्या जाहिरातीवर
जरा जरा सरकत होते.