गाडी अजून झालेली नाही

आम्ही दहा दिवसांसाठी आलो होतो.
बॅगेत रेजिसच्या रक्तदाबाच्या दहाच गोळ्या
आणि माझा एक स्वेटर, कारण रुबेची बाई
स्वेटरशिवाय स्वर्गातसुद्धा जायची नाही.

बान्युल्सच्या चढावर गाडीचा क्लच गेला.
नार्सिस मेकॅनिक हात पुसत म्हणाला,
पार्ट मागवावा लागेल. आठवडा. कदाचित दोन.
तोवर समुद्र आहे की,
जणू समुद्र म्हणजे त्याच्या गॅरेजबाहेरचं बाकडं.

राहिलो मग मादाम पुइचच्या माडीवर.
वारा सुटला की तिथल्या खिडकीची झडप
रात्रभर टाळ्या वाजवायची.
सकाळी रेजिस पाव आणायचा, आणि मिठात मुरलेले
बोटभर लांबीचे अँचोवी.
आम्ही ते कागदावरूनच खायचो,
दोघं मिळून एक सुरी.

इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रात उतरतात.
वेली बुटक्या, हट्टी. दगड असा पापुद्र्यांचा
की हातात घेतला तर वहीसारखा उलगडतो.
पावसाचं पाणी काढून द्यायला
कोंबडीच्या पावलासारखे फाकलेले पाट.
हा माझ्या आजोबांनी रचला, मादाम पुइच दाखवत होती,
आणि तो माझ्या नवऱ्यानं. तो जरा वाकडा आहे.
पाटही.

तिच्या अंगणात काचेचे पोटाळ बुधले,
वाइननं भरलेले, भर उन्हात.
ना छप्पर, ना तोंडाला दादरा.
नासेल की हो, मी म्हटलं. आमच्याकडे बाटली
तळघरात निजवतात, दिवासुद्धा लावत नाहीत.
ती हसली. वर्षभर ऊन, थंडी, वारा, सगळं खाऊ द्यायचं तिला.
जे बिघडायचं ते एकदाच बिघडतं.
पेल्यात अक्रोड होता, जळकी साखर,
थोडा जुन्या कपाटाचा वास.
रेजिसला आवडली नाही.
त्यानं दुसरा पेला मागितला.

रुबेला गेल्या काही वर्षांत
आमचं बोलणं कचऱ्याच्या वारावर येऊन थांबलं होतं.
निवृत्त झाल्यापासून तो स्वयंपाकघरात असा बसायचा
की आत्ता त्याची बस येईल.
इथे त्यानं टक्कल भाजून घेतलं, नऊ युरोंची टोपी घेतली,
आणि एका दुपारी पाण्यावर उताणा पडून राहिला,
कितीतरी वेळ, हात पसरून.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हतं
या माणसाला तरंगता येतं.

तिसऱ्या आठवड्यात नार्सिसचा फोन आला. झाली गाडी.
मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.
जेवताना रेजिसनं विचारलं, गाडीचं काही?
अजून झालेली नाही.
काय हे लोक, तो म्हणाला,
आणि पावावर आणखी तेल ओतलं.

चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेला माणूस.
गिरणीत नुसता कान लावून सांगायचा
कुठला धोटा अडतोय.
तो गॅरेजकडे एकदाही फिरकला नाही.
हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मग तोडणी सुरू झाली. आम्हीही दोन ओळी तोडल्या.
मजुरी म्हणून मिळाली एक बाटली आणि कंबरदुखी.
रात्री एकमेकांच्या पाठीला मलम चोळताना
हसू आवरेना, खालून मादाम पुइचनं
काठीनं छत ठोकलं.

आज त्याची पँट धुवायला घेतली.
खिशात वाळू, एक बूच,
आणि आमच्या गाडीची किल्ली.
तिला अडकवलेली नार्सिसची पावती:
पैसे पोचले. तारीख गेल्या मंगळवारची.

वाळू झटकली. पँट धुतली, वाऱ्यावर तासाभरात वाळली.
किल्ली होती त्याच खिशात ठेवली,
बूचही.

संध्याकाळी मीच विचारलं, गाडीचं काही?
त्यानं ऑलिव्हची बी हातावर काढली,
नीट पाहिली. अजून नाही, म्हणाला.

उद्या औषधाच्या दुकानात जायला हवं.
या वेळी मोठी डबी घेईन म्हणते.