दोन वर्तुळं

वाल्परायसोच्या टेकडीवर माझा नवरा, एलेउतेरिओ,
एकोणतीस वर्षं रुळांवरच्या लाकडी डब्याला
ग्रीस लावतो.
लोक बंदरापासून बसून वर येतात,
मासळी, गॅसची टाकी, झोपलेली मुलं घेऊन.
तो स्वतः कधी पायऱ्या चढला नाही.
कशाला चढेल?

तीन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून झोपला.
आधी म्हणाला, दमलोय.
मग म्हणाला, पाठ.
मग काहीच म्हणेनासा झाला,
आणि न म्हणण्यालाही आवाज असतो,
रात्री नांगराची साखळी घासत राहते तसा.
मी आरशात माझं पोट पाहिलं.
त्याच्या खिशात चिठ्ठ्या शोधल्या.
सापडलं काय, तर तंबाखूचा चुरा
आणि पाववाल्याच्या पावतीत गुंडाळलेली
एक निळी गोळी. अर्धी तोडलेली.
अर्धी! तिथेसुद्धा काटकसर.
पावती होती तशी ठेवून दिली.

दवाखान्यात तो गेला गुडघ्यासाठी.
डॉक्टर पाइयान, आमच्या धाकटीच्या वयाची.
तिनं दंडावरचा पट्टा दोनदा फुगवला,
आकडा पाहून तिसऱ्यांदा,
आणि हवापाणी विचारावं तसं विचारलं,
सकाळी जागे होता तेव्हा ताठरता असते का?
एलेउतेरिओ बुटांकडे बघत राहिला.
मी कॅलेंडरवरच्या पेंग्विनकडे.
"नसते," मी म्हणाले.
तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं.

तिनं कागदावर दोन वर्तुळं काढली.
मसुराएवढं एक, ही हृदयाची नळी.
मोहरीएवढं दुसरं, ही तिथली.
साय दोन्हींत धरते,
धुराची, मिठाची, साखरेची, चरबीची मिळून.
आतलं अस्तर खरबरीत होतं,
सैल व्हायचं विसरतं.
मोहरी बहुधा आधी कुरकुरते.
मसूर मागाहून, दोन वर्षांनी, तीन, कधी पाच,
आणि ती कुरकुरेलच असं नाही, एकदम आडवं पाडते.
शितावरून भात ओळखायचा, म्हणाली,
भात अजून करपलेला नाही.

त्यानं बोटांवर मोजलं.
तीन वर्षं, दोन महिने.
आणि हसला. खरंच हसला.
"म्हणजे हा बिचारा निरोप घेऊन आला होता,
आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो!"

आता पहिला डबा सुटायच्या आधी तो पायऱ्या चढतो.
एकशे बासष्ट.
ऐंशीव्या पायरीवर कठडा धरून थांबतो.
मिठाची बरणी मी लपवली, त्यानं शोधली,
मग मी कपाटाला कुलूप घातलं.
सिगारेटी आठवड्याला चार, असं तो सांगतो.
सहा आहेत.

झालं का काही, बहीण विचारते.
तिला काय सांगू?
काल रात्री तो भिंतीकडून वळला, एवढंच.
माझी बोटं घेऊन स्वतःच्या मनगटावर ठेवली,
म्हणाला, "मोज."
मी मोजत गेले.
चौऱ्याहत्तरावर झोप लागली,
त्याला की मला, आठवत नाही.