ओल्या गोणपाटाखाली

पानं भिजवून गोणपाटात गुंडाळायची,
वर पाटा ठेवायचा. रात्रभर.
सकाळी ती अशी हवीत, आई म्हणायची,
की मुडपली तरी कुरकुरू नयेत
आणि पिळली तरी ठिबकू नयेत.
यातलं अधलंमधलं काय ते
तिच्या अंगठ्यालाच कळायचं.

गोणपाट उचललं की राखाडी मण्यांची पळापळ.
पायांच्या दोन रांगा, सात आणि सात,
पाठीवर कौलं एकावर एक.
काडीनं शिवलं तर काही जण गोळी होऊन
गडगडायचे मोरीच्या उंबऱ्यापर्यंत.
आई तेलुगूत नुसतं 'पुरुगु' म्हणायची,
शेजारची महानंदा कन्नडमध्ये 'हुळ',
शाळेतल्या बाई म्हणाल्या, "किडा. पुढचा धडा काढा."
तीन भाषांच्या आमच्या गल्लीत
त्याला त्याचं असं नाव कुणी दिलं नाही.

खूप नंतर, कॉलेजात,
उलटा करून भिंगाखाली धरला तेव्हा कळलं,
हा किडाच नाही.
खेकड्याच्या, कोळंबीच्या घराण्यातला.
केव्हातरी, कुठल्यातरी किनाऱ्यावर
याचे पूर्वज पाण्याबाहेर आले
आणि येताना कल्ले तेवढे घेऊन आले.
पोटाखाली, शेपटाकडे, पातळ पापुद्रे,
आईच्या सुपातल्या कापलेल्या पानांसारखे
एकावर एक बसवलेले.
त्यांवर पाण्याचा थर.
आरशावर श्वास सोडला की धरतो तेवढाच.
हवा आधी त्या ओलीत विरघळते, मग आत जाते.
थर सुकला की चहूबाजूंनी हवा असून
हा गुदमरतो.
आणि बादलीत पडला तर बुडतो, तेही आहेच.
मुंगीच्या अंगावर असतो तसा मेणाचा हात
याच्या पाठीवर कुणी फिरवलेला नाही,
ऊन सरळ आत शिरतं.

मी सरांना विचारलं,
"असला जीव सोलापुरात करतो तरी काय?"
चाकोते सर म्हणाले, "तू काय करतेस?"
आणि हजेरी घ्यायला लागले.

उजनीचं पाणी पाचव्या दिवशी यायचं, तेही रात्री दोनला.
त्या मे महिन्यात नऊ दिवस आलंच नाही.
पाइप फुटला म्हणे कुठेतरी.
पारा चव्वेचाळीसवर; आमच्या पत्र्याखाली किती,
ते मोजायला कुणी आलं नाही.
समोरच्या शेडमधले माग थांबून थांबून चालत,
कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून.
पानं सुपात पापडासारखी वाजायची.
कारखान्याच्या कार्डावर, इरम्मा गुंडेटी या नावापुढे,
छाट लिहिला जायचा: शंभरात तीस.
आई खोकायची, तोंडाला पदर लावून,
मग तोच पदर गळ्यापाशी पुसायची.

त्या दिवशी मी गोणपाट उचललं.
कुणी पळालं नाही.
कोपऱ्यात सगळे एकमेकांवर चढून
एकच ढीग झालेले, लिंबाएवढा,
आपापली ओल एकमेकांना टेकवून.
(आता माहीत आहे, ढिगातला प्रत्येक जण
थोडा कमी सुकतो. तेव्हा वाटलं, भांडतायत.)
कडेला काही नुसतीच टरफलं.
फुंकर मारली तर उडाली.
मादीच्या पोटाशी पाण्याची पिशवी असते,
अंडी, पिल्लं त्यातच वाढतात,
समुद्र सुटला तरी चमचाभर ती सोबत बाळगते,
हेही नंतरचंच शिकणं.
तेव्हा मी फक्त म्हटलं, "आई, मेले वाटतं."

घरात एक कळशी होती, तिच्यात तीन तांबे पाणी.
आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली.
ओंजळीत घेतलं, ओंजळही पुरती नव्हे,
आणि गोणपाटावर शिंपडलं.
"पानांसाठी," म्हणाली.
मी काही विचारलंच नव्हतं.

पानं गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाला होती.